सलाईनमधे तांबड्या पेशी काचेला का चिकटतात? मऊ असल्यामुळे की मऊ असूनही?

भिंगाखाली
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रक्तातल्या तांबड्या पेशींचं थरथरणं बघतेय, म्हणजे पेशीची कड सतत थोडी थोडी हलत असते ना, त्याचा व्हिडिओ घ्यायचा, कड किती आत बाहेर होते ते मोजायचं आणि त्यावरून तिचं पटल, म्हणजे बाहेरची पातळ कातडी, किती मऊ आहे ते काढायचं असा बेत आहे. कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप, ४० चं ऑब्जेक्टिव्ह आणि मोबाईल अडकवायचा अ‍ॅडॅप्टर, एवढ्यावर चाललंय.

स्वतःच्या बोटाला टोचून एक थेंब घेते, एक मिली नॉर्मल सलाईनमधे (०.९ टक्के मिठाचं पाणी) मिसळते, त्यातला थेंब स्लाईडवर आणि वरून कव्हरस्लिप. पहिलं एखादं मिनिट फार छान दिसतं, मधे खोलगट असलेल्या गोल चकत्या तरंगत खाली येतात. पण तीन चार मिनिटांत त्यांच्या कडेला काटे यायला लागतात, अगदी धोतऱ्याच्या बोंडासारख्या होतात आणि मग तळाच्या काचेला चिकटून बसतात. चिकटलेली पेशी थरथरत नाही, म्हणजे माझं मोजायचंच संपलं.

काल एक गंमत बघितली. कव्हरस्लिपच्या एका बाजूला टिश्यू पेपर लावून पाणी ओढून घेतलं तर सुट्ट्या पेशी भराभर वाहून गेल्या, पण काही पेशी एकाच टोकाला धरून राहिल्या, उरलेलं अंग प्रवाहात लांब ओढलं गेलं, धक्क्याला बांधलेली होडी ओहोटीला ताणली जाते तशी. पाणी थांबल्यावर त्या हळूहळू परत गोल झाल्या. पण टोक काही सुटलं नाही!! दहा मिनिटं तेच बघत बसले होते.

तर प्रश्न असा की पेशीला काही गोंद लावलेला नाही, काच स्वच्छ धुतलेली, मधे पाणी आहे, मग धरतं काय? आणि दुसरं, वस्तू मऊ असली की जास्त चिकटते का कमी? मला वाटायचं मऊ गोष्ट पाण्याच्या धक्क्यांनी सारखी हलते तर ती सुटायला पाहिजे. गाईड सरांना विचारलं तर ते म्हणाले काचेला सगळंच चिकटतं, तू पुढचं बघ. पण मला हे कळल्याशिवाय पुढचं बघवत नाहीये.

केमिस्ट्री_मास्तर
मंगळवार, रात्री १०:१५

छान निरीक्षण आहे. माझ्या मते सरळ विद्युतभाराचा मामला आहे. काच पाण्यात ऋणभारित होते आणि पेशीवर प्रथिनं असतात, त्यांच्यावर धनभार असतो, विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. पॉली-लायसीन (पेशी चिकटवायला काचेवर लावतात ते रसायन) लावलेल्या स्लाईडवर पेशी घट्ट बसतात ते यामुळेच. तू भार मोडण्यासाठी मीठ वाढवून बघ.

लॅबवाली_चंद्रपूर
मंगळवार, रात्री ११:०५

अगं आधी मीठ वाढवू नकोस, पेशी आक्रसतील आणि काटे अजून वाढतील. मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलंय, बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमधे आहे, हे काटे रोज बघते. थिअरी दुसरं कोणी सांगेल, मी हातातलं सांगते.

काटे येतात त्याला बरंच कारण काच आहे. स्लाईड आणि कव्हरस्लिप यांच्यामधे सलाईनचा इतका पातळ थर असतो की काचेतून जी थोडीशी अल्कली सुटते तिनेसुद्धा तेवढं सलाईन अल्कधर्मी होतं, आणि सलाईनला स्वतःचा बफर, म्हणजे पीएच सांभाळणारं काही, नसतो त्यामुळे पीएच सहज वर जातो. तोच थेंब प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांमधे घेऊन बघ, काटे फार कमी येतील. रक्त प्लाझ्मामधेच ठेवलं तर तर येतच नाहीत, कारण प्लाझ्मात अल्ब्युमिन असतं, दर डेसिलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम, आणि तू एक थेंब एक मिलीत टाकलास म्हणजे ते सगळं पातळ करून टाकलंस. पेशीला तिच्या घरातून काढून उघड्यावर ठेवल्यासारखं आहे ते.

उपाय सोपा आहे. ब्लड बँकेत क्रॉसमॅचसाठी (रक्त जुळतं का ते बघायला) २२ टक्के बोव्हाईन अल्ब्युमिनची बाटली असते, तुमच्या गावातल्या ब्लड बँकेत नीट विचारलंस तर एक दोन मिली मिळेल. त्यातलं एक भाग घे, २१ भाग सलाईन घाल, म्हणजे एक टक्का झालं. आधी स्लाईड आणि कव्हरस्लिप दोन्ही त्यात वीस मिनिटं बुडवून ठेव, काढल्यावर नुसतं हलकेच झटक, पुसू नकोस. मग त्याच एक टक्क्याच्या पाण्यात पेशी मिसळ. सलाईन घरी बनवलेलं नको, मेडिकलमधून ताजी बाटली आण, आणि थेंब घेतल्यावर कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीनने बंद कर, नाहीतर पाणी वाळत जातं आणि मीठ आपोआप वाढतं.

अजून एक, सलाईन नाही मिळालं म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोज वापरायचं डोक्यात आणू नकोस, आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने ते केलं होतं. माणसाची तांबडी पेशी ग्लुकोज आत घेते, मागोमाग पाणी आत जातं, पेशी फुगते आणि फुटते.

आणि चिकटण्याचं म्हणशील तर पेशी फक्त काचेलाच नाही, एकमेकींनाही चिकटतात. ईएसआर करतो आम्ही, वेस्टरग्रेनची नळी, २०० मिलिमीटरची, १९२१ सालापासूनची पद्धत. त्यात एका तासात पेशी किती खाली बसल्या ते बघतो. अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात, चळत जड म्हणून भराभर खाली जाते, ईएसआर वाढतो. स्मिअरमधे, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, त्या चळती इतक्या सुबक दिसतात की बघत राहावं. पण चळतीला हलकासा धक्का दिला की सुटते, तुझ्या काचेवरची सुटत नाही. म्हणजे सगळं चिकटणं एकाच जातीचं नाही, हे मला रोज दिसतं, का ते मात्र जाणत्या माणसाने सांगावं.

पातळ_पटल
बुधवार, पहाटे ३:२०

मी जर्मनीत पोस्टडॉक आहे, पाण्यात चरबीच्या रेणूंचे फुगे बनवतो आणि ते पृष्ठभागाला कसे बसतात तेच बघतो, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मास्तर, एका गोष्टीला अडवतो. पॉली-लायसीनचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण ते यासाठी की पॉली-लायसीन धन असतं. साधी काच पाण्यात ऋण आणि तांबडी पेशीही बाहेरून ऋणच, तिच्या साखरेच्या केसाळ आवरणात सायलिक अ‍ॅसिड असतं त्यामुळे. म्हणजे खरं तर दोघांनी एकमेकांना लोटायला हवं. लोटतातही, पण सलाईनमधे हे लोटणं फार जवळून जाणवतं. ०.९ टक्के म्हणजे १५४ मिलीमोलर मीठ, एवढ्या मिठात भाराचा प्रभाव साधारण ०.८ नॅनोमीटरवरच विरायला लागतो, मिठाचे आयन मधे येऊन तो झाकून टाकतात. त्याच्या पलीकडे जी ओढ उरते ती व्हॅन डर वाल्सची, कुठल्याही दोन वस्तूंमधे असते तीच, दुबळी पण लांबवर पोचणारी. एका अंतरावर लोटणं आणि ओढणं यांचा हिशेब ओढीच्या बाजूने जातो आणि वस्तू तिथे अडकते. हा हिशेब देर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मधे आणि वेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मधे मांडला, चौघांच्या नावाने ओळखला जातो. म्हणून ताई म्हणतात ते बरोबर, मीठ वाढवलं तर चिकटणं वाढेल. आणि काटे आले की अजून सोपं होतं, कारण काट्याचं टोक इतकं बारीक की त्याच्यापुरतं लोटणंही थोडंसंच, ते सहज आत घुसून काच गाठतं, सपाट चकतीला मात्र पूर्ण तळाचं लोटणं एकदम सोसावं लागतं. तुझ्या होडीचा दोर बहुतेक असंच एखादं टोक धरून आहे. (अशा टोकाला धरलेल्या पेशींवर पाणी सोडून पटल किती ताणतं ते मोजायचे प्रयोग १९७० च्या दशकात झालेत, म्हणजे तू जे बघत बसली होतीस ते पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी असंच बघत बसून मोजलंय.)

आता मऊपणाचं. हा इथला खरा प्रश्न आहे आणि मला सगळ्यात आवडणारा.

उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या प्लास्टिकवर घालतात ते आठव. ओली पापडी प्लास्टिकला सगळीकडून धरून असते, ओढली तर फाटेल पण सुटणार नाही. तीच वाळली की कडा वर येतात आणि आपोआप सुटते. वाळताना ती आक्रसते तो भाग वेगळा, पण मुख्य फरक हा की ओली असताना वाकायला तिला काही पडत नव्हतं, प्लास्टिकच्या प्रत्येक चुणीवर ती अंग टाकून बसली होती. कडक झाली आणि वाकायचा खर्च परवडेना.

पेशी किंवा माझे फुगे यांचं हेच आहे. पृष्ठभागाला टेकल्यावर दर चौरस मायक्रोनला ऊर्जेचा थोडा फायदा मिळतो, आणि टेकण्यासाठी आकार बदलावा लागतो त्याचा खर्च पडतो, पटल वाकवायचा. हा वाकवायचा खर्च १९७३ साली हेल्फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला, त्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. पूर्ण बंद गोळा बनवायला जो वाकवण्याचा खर्च येतो तो गोळ्याच्या आकारावर अवलंबूनच नाही! लहान गोळा म्हणजे वाक जास्त पण कातडी कमी, मोठा म्हणजे वाक कमी पण कातडी जास्त, दोन्ही बरोब्बर फिटतं. चरबीच्या पटलासाठी हा खर्च साधारण ५०० केटी येतो, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या एका सरासरी धक्क्याच्या ५०० पट. फायदा मात्र टेकलेल्या क्षेत्रफळावर, म्हणजे मोठ्याला जास्त. मग लहान फुग्याला पसरायचा खर्च तेवढाच पण फायदा कमी, तो पसरतच नाही, टेकतो आणि निघून जातो. मोठा बसतो. सायफर्ट आणि लिपोव्स्की यांनी १९९० मधे हा उंबरठा काढला, त्रिज्या किमान किती हवी तर दोन गुणिले वाकवण्याचा कडकपणा भागिले चिकटण्याचा फायदा, त्याचं वर्गमूळ. कडकपणा १० चा उणे १९ वा घात ज्यूल धर, फायदा एक मायक्रोज्यूल प्रति चौरस मीटर धर, उत्तर येतं ०.४५ मायक्रोन. म्हणजे तेवढ्या ओढीवर अर्ध्या मायक्रोनचा फुगा बसतो आणि ०.२ चा बसत नाही. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटेना, आपल्याला वाटतं बारीक धूळच जास्त चिकटते. धूळ कडक असते म्हणून आपला अंदाज चुकतो.

आता तुझी शंका, थरथरणारी वस्तू सुटायला पाहिजे. अर्धी बरोबर आहेस! पटल थरथरतं तेव्हा भिंतीजवळ त्याला थरथरायला जागा कमी पडते, आणि ती जागा राखण्यासाठी ते भिंतीला लोटतं. हेल्फ्रिशनेच १९७८ मधे हे दाखवलं. जितकं मऊ तितकं हे लोटणं जास्त. म्हणून ओढ दुबळी असेल तर मऊपणा सोडवतो, ओढ बळकट झाली की तोच मऊपणा पसरवतो. पेशीचं वजनही इथे नगण्य आहे, पाण्यातलं तिचं वजन धरून हिशेब केला तर उष्णतेचा धक्का तिला सहज ५० नॅनोमीटर उचलून धरतो. तुझी पेशी तळाला बसलेली दिसते ना, ती पहिल्या मिनिटाला खरं तर काचेवर तरंगत असते. खाली यायला मधलं पाणी बाजूला जायला लागतं, आणि फट निम्मी झाली की तेच पाणी त्याच वेगाने बाहेर काढायला आठपट जोर लागतो. म्हणून चिकटायला मिनिटं लागतात. चिकटली की थरथर बंद, जागाच संपली.

आणि कातडी जादा आहे का हेही बघायचं. ओट्यावर अर्धी रिकामी झालेली दुधाची पिशवी ठेव, पसरून बसते. गच्च भरलेली ठेव, थोडीशीच टेकते. तांबड्या पेशीचं आकारमान ९० फेम्टोलिटर, तेवढ्याचा गोळा केला तर कातडी लागेल ९७ चौरस मायक्रोन, पण तिच्याकडे असते १३५ च्या आसपास. ही जादा चाळीस टक्के कातडी आहे म्हणून ती पसरू शकते. ताणून कातडी वाढवता येत नाही, तीन चार टक्क्यांवर पटल फाटतं.

अल्ब्युमिनचं ताईंनी सांगितलंय ते शंभर टक्के कर. ते काचेवर जाऊन बसतं, काही नॅनोमीटरचा मऊ थर होतो, मग पेशीला काचेइतकं जवळ जाताच येत नाही. मी अल्ब्युमिनऐवजी केसीन वापरतो, दुधातलंच प्रथिन. सुरुवातीचे काही आठवडे माझे फुगे उघड्या काचेला टेकले की फुटून सपाट होत होते, केसीन लावलं त्या दिवशी पहिल्यांदा एक अख्खा फुगा अर्धा तास बसलेला बघितला.

भिंगाखाली
बुधवार, सकाळी ८:१०

दादा, दोनदा वाचलं, पापडीचं एकदम डोक्यात बसलं, आईला पण वाचून दाखवलं. ताई, ब्लड बँकेत आज जाऊन येते.

पण एक अडलं. मऊ असेल तर पसरून चिकटते म्हणता, मग सिकल सेल या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात तर त्या कमी चिकटायला हव्यात ना? पण आम्हाला शिकवलंय की सिकलच्या पेशी रक्तवाहिनीत अडकतात म्हणून दुखतं. माझी आत्या नागपूरला असते, तिच्या शेजारच्या मुलाला आहे, थंडीत फार त्रास होतो त्याला. हे कसं जुळतं?

लॅबवाली_चंद्रपूर
बुधवार, दुपारी २:३०

हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस, कारण इकडे विदर्भात हे पुस्तकातलं नाही, रोजचं आहे. मी लॅबमधे सिकलची सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी करते, पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवते, आणि कितीदा तरी समोर आईच्या मांडीवर दोन अडीच वर्षांचं लेकरू असतं ज्याचे हात पाय सुजलेत.

एक गोष्ट बघ. सिकलच्या पेशंटचा ईएसआर कमी येतो. माणूस तापाने फणफणलाय, इन्फेक्शन आहे, फायब्रिनोजेन भरपूर आहे, आणि ईएसआर पाच. नवीन लोक गोंधळतात. कारण विळ्याच्या आकाराच्या कडक पेशी एकमेकींवर सपाट बसूच शकत नाहीत, चळत होत नाही, चळत नाही तर भराभर खाली कशा बसणार. म्हणजे दादा म्हणतात ते इथे अगदी खरं दिसतं, कडक झाली की टेकायला जमत नाही. पण मग वाहिनीत अडकतात ते कशाने ते मलाही नीट माहीत करून घ्यायचंय.

दुसरं मलेरियाचं. मी पहिली सहा वर्षं गडचिरोलीत होते, महाराष्ट्रातला मलेरिया तेव्हा बराचसा तिथलाच असायचा. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या घातक जातीच्या स्मिअरमधे आम्हाला रिंग, म्हणजे परोपजीवीची कोवळी अवस्था दिसते, केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाईट, म्हणजे डासात जाणारी अवस्था दिसते, पण मधल्या अवस्थेतले मोठे परोपजीवी जवळजवळ दिसत नाहीत. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीत सगळ्या अवस्था दिसतात. सुरुवातीला मला वाटायचं माझा स्टेन बिघडलाय. मग तिथल्या एका जुन्या टेक्निशियन सरांनी सांगितलं की ते बोटाच्या रक्तात येतच नाहीत, ते आत बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात. तेव्हापासून स्लाईडवर रिंग कमी दिसल्या तरी पेशंटची तब्येत काय आहे ते मी आधी विचारते, कारण स्लाईडवर दिसतंय त्यापेक्षा आत जास्त असू शकतं. हे मात्र कडक पेशीच आहेत, परोपजीवी आत वाढला की पेशी ताठ होते, तरी चिकटतात. सांगा दादा.

पातळ_पटल
बुधवार, रात्री ११:५०

ताई, ईएसआरचं मला माहीत नव्हतं, हे उदाहरण मी माझ्या ग्रुपमधे सांगणार आहे.

फॅल्सिपेरमचं आधी. तो पेशीच्या बाहेर बारीक गाठी उभ्या करतो, प्रत्येक साधारण १०० नॅनोमीटर रुंद, आणि त्या गाठींवर एक प्रथिन बसवतो जे वाहिनीच्या भिंतीवरच्या ठराविक प्रथिनांनाच धरतं, सीडी-३६ किंवा आयकॅम-१ अशी त्यांची नावं. म्हणजे इथे साधी ओढ नाही, कडी आणि कोयंडा आहे. कोयंडा असेल तर पसरून टेकायची गरज उरत नाही, थोड्या टोकांवर काम भागतं, म्हणून कडक असूनही चिकटते. आणि त्याला चिकटणं भाग आहे, नाहीतर रक्ताबरोबर प्लीहेत जाईल, तिथल्या फटींतून ताठ पेशी पार होत नाही, ती तिथेच बाद होते. ४८ तासांच्या चक्रात पहिला निम्मा काळ पेशी मऊ असते तेव्हा तो फिरतो, ती ताठ व्हायला लागली की भिंतीला धरून बसतो. ताईंच्या स्लाईडवर म्हणूनच फक्त रिंग दिसतात.

सिकलचं मात्र खरंच मऊपणाशी जुळतं, आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. १९८० च्या दशकात सिकलच्या पेशी घनतेनुसार वेगळ्या करून कोण जास्त चिकटतं ते बघितलं गेलं. अंदाज असा होता की विळ्यासारख्या कडक, जड पेशी जास्त चिकटतील. निघालं उलट. हलक्या, तरुण, मऊ पेशी सगळ्यात जास्त चिकटत होत्या. त्यांच्यावर भिंतीला धरणारे रेणूही जास्त असतात कारण त्या नुकत्याच मज्जेतून आलेल्या असतात, आणि मऊ असल्यामुळे प्रवाहातसुद्धा भिंतीवर अंग टाकून बसतात. बारीक शिरेत अशा मऊ पेशी भिंतीला धरल्या की आतली वाट अरुंद होते, मग मागून येणाऱ्या कडक पेशी तिथे तुंबतात. चिकटणारी वेगळी आणि अडकणारी वेगळी. रक्त थांबलं की ऑक्सिजन कमी होतो, मग मऊ होत्या त्याही विळा होतात. थंडीत शिरा आक्रसतात तेव्हा हे सगळं अजून अरुंद जागेत होतं, शेजारच्या त्या मुलाला म्हणून त्रास होत असावा, त्याला ऊब आणि भरपूर पाणी हे डॉक्टर सांगतात ते मनापासून पाळायला सांग.

तुझ्या प्रयोगासाठी एक सुचवतो. दोन भाग सलाईन आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर घेतलंस की ०.६ टक्के होतं. त्यात पेशी फुगतात पण फुटत नाहीत (फुटायला साधारण अर्ध्या टक्क्याच्या खाली जावं लागतं). फुगली म्हणजे जादा कातडी बरीचशी संपली, बऱ्यापैकी भरलेली पिशवी झाली. उघड्या काचेवर ०.९ आणि ०.६ दोन्ही ठेव, दहा मिनिटं थांब, मग टिश्यूने पाणी ओढ आणि मोज किती राहिल्या. टिश्यू दर वेळी तेवढाच आणि तसाच लाव.

केमिस्ट्री_मास्तर
गुरुवार, सकाळी ७:००

पेशीही ऋण असते हे माझ्या ध्यानात नव्हतं, चूक मान्य. वर्गात मी हेच उदाहरण देत आलोय, ते आता बदलतो. एक भर घालतो, रक्तगट बघताना अँटी-ए (ए गटाच्या पेशींना धरणाऱ्या अँटीबॉडीचं द्रव) टाकलं की पेशींचे गठ्ठे दिसतात, तिथेही दोन ऋण पेशींमधे अँटीबॉडीचा पूल असतो. आयजीएम जातीची अँटीबॉडी लांब असते म्हणून साध्या सलाईनमधेच पूल बांधते, आयजीजी आखूड, ती एकटी तिथे पोचत नाही. ताईंची अल्ब्युमिनची बाटली ब्लड बँकेत त्याच आयजीजीच्या तपासणीसाठी ठेवलेली असते. म्हणजे अंतराचाच खेळ, दादांनी सांगितला तोच.

भिंगाखाली
रविवार, रात्री ८:४५

केलं!! तीन दिवस लागले. ब्लड बँकेतल्या काकांनी दोन मिली अल्ब्युमिन दिलं, पैसे घेतले नाहीत, फक्त प्रोजेक्ट झाल्यावर दाखवायला ये म्हणाले.

अल्ब्युमिन लावलेल्या स्लाईडवर पेशी पाऊण तास चकतीच राहिल्या, एक दोन सोडल्या तर काटे नाहीत. आणि थरथर इतकी स्पष्ट की मोबाईलच्या स्क्रीनवर नुसत्या डोळ्यांना दिसते, मधला खोलगट भाग उजळतो मावळतो, उजळतो मावळतो, दिव्याच्या ज्योतीसारखा. ही थरथर उष्णतेची आहे हे ब्रोशार आणि लेनन यांनी १९७५ मधे मांडलं होतं, माझ्या प्रोजेक्टची सुरुवात तिथूनच आहे, पण वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. चौदा पेशींचे व्हिडिओ मिळालेत.

मग दादांनी सांगितलेलं ०.६ चं केलं, उघड्या काचेवर, प्रत्येकी पाच स्लाईड. एका स्लाईडला हात हलला म्हणून ती धरली नाही. बाकीच्यात ०.९ वाल्या जास्त राहिल्या आणि ०.६ वाल्या बऱ्याच वाहून गेल्या, प्रत्येक जोडीत असंच. पण एक शंका आहे, ०.६ मधे मीठही कमी आहे, म्हणजे भाराचं लोटणं थोडं लांबून जाणवत असणार, मग सुटल्या त्या गच्च झाल्या म्हणून की मीठ कमी झालं म्हणून? हिशेब केला, १५४ चं १०३ मिलीमोलर झालं तर ०.८ चं ०.९५ नॅनोमीटर होतं, फरक बारीक आहे पण आहे. म्हणून आता तिसरा सेट करणार, १०३ मिलीमोलर मीठच ठेवून उरलेला भाग साखरेने भरायचा, साधी साखर म्हणजे सुक्रोज, ती पेशीत जात नाही ना? ताई, डेक्स्ट्रोजचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी तेच घेतलं असतं.

आणि ती होडी परत दिसली. या वेळी टोकाजवळ नीट फोकस केला तर पेशी आणि काच यांच्यामधे एक अगदी बारीक धागा आहे असं वाटतं, पाणी ओढलं की पेशी पुढे सरकते आणि मागे जागा दिसते पण तरी ती बांधलेली राहते. धागा दिसत नाही, पण असणार. हे पटलच ओढलं जाऊन होतं का?

पातळ_पटल
रविवार, रात्री ११:३०

हो, पटलाचीच नळी आहे ती, जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास किंवा कमी, म्हणून तुझ्या मायक्रोस्कोपला दिसणार नाही. तू ती नसतानाच्या जागेवरून ओळखलीस हे फार छान. सुक्रोज चालेल, पेशीत जात नाही. ५१ मिलीमोलर मीठ कमी केलंस तर सुक्रोज त्याच्या साधारण दुप्पट घाल, कारण मिठाचे दोन आयन होतात आणि सुक्रोजचा एकच रेणू. मिठाची शंका तू स्वतः काढलीस ती थिसिसमधे तशीच लिही, तिसऱ्या सेटचं जे येईल ते लिही, उलट आलं तरी.

लॅबवाली_चंद्रपूर
सोमवार, सकाळी ९:२०

शाब्बास गं. एक राहिलं, वापरलेल्या स्लाईड एक टक्का हायपोक्लोराईटमधे अर्धा तास बुडवून मगच टाक, लॅन्सेट (बोट टोचायची सुई) दर वेळी नवीन, आणि टोपण लावायला जाऊ नकोस, सरळ पंक्चरप्रूफ डब्यात. स्वतःचंच रक्त आहे म्हणून सोडू नकोस, त्या टेबलावर उद्या दुसरं कोणी बसणार आहे. आणि मधल्या बोटाच्या बाजूला टोच, टोकावर नको, लिहिताना दुखत नाही.